हे निळं कुठून आलं?

सोमवारी सकाळी ऑफिसच्या पँट्रीत हमखास ऐकू येणारा डायलॉग: ‘अगं, हे काय लागलं?’ आणि त्यावरचं तितकंच हमखास उत्तर: ‘कुठे? अय्या, हो की! कुठे आपटलं कोण जाणे!’ मग दोघी मिळून दंडावरचा तो निळा-जांभळा डाग न्याहाळतात, कुणीतरी ‘बाम चोळ’ असा सल्ला देतं, चहा संपतो आणि विषयही संपतो. बहुतेक वेळा तो तिथे संपायला काहीच हरकत नसते. आजचा कॉलम उरलेल्या वेळांसाठी.

नाशिकच्या ऑफिसांमध्ये निफाडकडची पब्लिक बरीच. ओझर, पिंपळगाव बसवंत, लासलगाव, विंचूर, सगळा निफाड तालुकाच. आठवडाभर नाशकात जॉब आणि वीकेंडला घरी. घरी म्हणजे आराम असं ज्यांना वाटतं त्यांनी द्राक्षाच्या सीझनमध्ये एकदा निफाडला जाऊन यावं! मांडवाच्या तारांखालून वाकून चालताना लोखंडी अँगल खांद्याला लागतो, भरलेलं कॅरेट उचलताना मांडीवर टेकवलं जातं, ट्रॉलीचा फाळका नडगीवर बसतो. त्या घाईत लक्ष कुणाचं असतं? सोमवारी एसीत बसल्यावर एकेक डाग हजेरी लावायला लागतो. ज्यांना बाग नाही त्यांच्यासाठी स्कूटरचा स्टँड, पलंगाचा कोपरा आणि खांद्यावरची लॅपटॉपची बॅग आहेच.

आपल्याकडे याला फार छान शब्द आहे. मुका मार. कातडी फाटत नाही, रक्त बाहेर येत नाही, पण आतल्या बारीक केशवाहिन्या फुटतात आणि रक्त त्वचेखाली पसरतं. मग शरीराची साफसफाई सुरू होते. आधी लालसर, मग निळा-जांभळा, मग हिरवट, मग पिवळा, शेवटी तपकिरी. हा रंगांचा खेळ म्हणजे हिमोग्लोबिन तुटण्याच्या पायऱ्या. हिरवा रंग बिलिव्हर्डिनचा, पिवळा बिलिरुबिनचा. हो, तेच बिलिरुबिन, जे वाढलं की कावीळ होते. साधारण दोन आठवड्यांत सगळं साफ. पहिल्या दिवशी थंड पाण्याची घडी ठेवायची आणि बाम वगैरे चोळायचा नाही, इतकंच करायचं असतं. आणि टीव्हीवरच्या डिटेक्टिव्ह मंडळींसाठी सांगून ठेवते, डागाचा रंग बघून तो नक्की कुठल्या दिवशीचा आहे हे डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही.

मुलींना मांड्यांवर आणि दंडांवर असे डाग जास्त पडतात, तेही काही न लागता. त्वचा पातळ, खाली चरबीचा थर, वाहिन्यांना आधार कमी. बाकी तब्येत ठणठणीत असेल, कुठून रक्त जात नसेल, तर डॉक्टर त्याला ‘पर्प्युरा सिम्प्लेक्स’ असं भारदस्त नाव देतात आणि घरी पाठवतात. त्यात लोच्या काही नाही.

लोच्या बऱ्याचदा आपल्या ड्रॉवरमध्ये असतो. डोकं दुखलं, घे गोळी. पाठ धरली, घे गोळी. पिरियड्स आले, घे दोन. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलबरोबर आयब्रुफेन असतं, आणि आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन ही सगळी मंडळी प्लेटलेट्सचं काम मंदावतात. प्लेटलेट्स म्हणजे फुटलेल्या वाहिनीला पहिलं ठिगळ लावणाऱ्या पेशी. आयब्रुफेनचा हा परिणाम दिवसभरात ओसरतो. अ‍ॅस्पिरिन मात्र प्लेटलेटला कायमची निकामी करतं, आणि नव्या प्लेटलेट्सनी ती जागा भरायला आठवडा-दहा दिवस जातात. वर जिममधल्या कुणीतरी सुचवलेल्या फिश ऑइलच्या कॅप्सूल्स, सकाळच्या लसणाच्या पाकळ्या. एकेकट्याचं काही नाही, पण चौघं एकत्र आले की डाग लवकर पडतात. मात्र हार्टसाठी डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन दिलेली असेल तर हे वाचून परस्पर बंद करू नका, प्लीज!

आता एका मैत्रिणीची गोष्ट. तिची परवानगी घेऊनच लिहितेय. निफाड तालुक्यातल्या एका गावची, नाशकात खासगी बँकेत नोकरी. मांड्यांवर, दंडांवर निळे डाग तिला शाळेपासून पडायचे. बाग, कॅरेट, सायकल, कारणं भरपूर होती. पिरियड्स आठ-आठ दिवस. पहिल्या तीन दिवसांत दर तासाला पॅड बदलायला लागायचं म्हणून मीटिंगच्या मधून उठणं, नेहमी काळी पँट, पर्समध्ये एक्स्ट्रा सेट. हिमोग्लोबिन कायम आठच्या आसपास. लोहाच्या गोळ्या किती वर्षं घेतल्या याचा हिशोबच नाही. एकदा डागांचं मनावर घेऊन तिने सीबीसी केली. प्लेटलेट्स दोन लाख चाळीस हजार. एकदम नॉर्मल! सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

मग अक्कलदाढ काढली. संध्याकाळी कापूस बदलला, रात्री बदलला, सकाळी उशी लाल. दुसऱ्या दिवशीही थांबेना. तेव्हा त्या डेंटिस्टने जो प्रश्न विचारला तो तोवर कुणीच विचारला नव्हता. ‘घरात आणखी कुणाला असं होतं का?’

तिची आई शेजारीच बसली होती. ती म्हणाली, ‘आमच्या घरात सगळ्या बायांचं असंच असतं.’

हे वाक्य इतक्या सहज येतं ना, की त्यात काही दडलंय असं वाटतच नाही. आजीला बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं. मामाचा घोळणा उन्हाळ्यात फुटायचा तो अर्धा-अर्धा तास थांबायचा नाही. मावशीची चौतिसाव्या वर्षी पिशवी काढली, कारण अंगावरून जाणं थांबतच नव्हतं. सगळ्यांचं सारखंच, म्हणून सगळ्यांचं नॉर्मल. घराण्यात नाक चालत येतं, टक्कल चालत येतं, तसंच हेही चालत आलेलं असू शकतं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

डेंटिस्टने तिला हिमॅटॉलॉजिस्टकडे पाठवलं, तिथून सँपल मुंबईला गेलं, आणि निदान आलं: वॉन विलेब्रँड डिसीज. नाव लांबचं आहे खरं. १९२६ साली एरिक वॉन विलेब्रँड या फिनलंडच्या डॉक्टरने ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबात हा आजार पहिल्यांदा नोंदवला, म्हणून त्याचं नाव. पण आजार फिनलंडचा नाही, सगळ्या जगाचा आहे. रक्त न थांबण्याच्या आनुवंशिक आजारांत हाच सगळ्यात जास्त आढळतो. प्लेटलेट्स पुरेशा असतात, पण त्यांना फुटलेल्या जागी चिकटवून ठेवणारं प्रोटीन कमी पडतं. विटा भरपूर, सिमेंट कमी. म्हणून सीबीसी नॉर्मल येते. सौम्य प्रकारात पीटी आणि एपीटीटी या गोठण्याच्या नेहमीच्या टेस्ट्सही नॉर्मल येऊ शकतात. त्या प्रोटीनची वेगळी तपासणी मागावी लागते, आणि ताण, आजारपण, गरोदरपण यांत त्याची पातळी वर जाते म्हणून कधी कधी ती पुन्हा करावी लागते. हिमोफिलिया प्रामुख्याने मुलांमध्ये दिसतो. हा मात्र मुलगा-मुलगी बघत नाही. फक्त मुलींना दर महिन्याला त्याची परीक्षा द्यावी लागते.

आज ती मस्त आहे. पिरियड्सच्या दिवसांत ट्रानेक्झामिक अ‍ॅसिडच्या गोळ्या घेते, हिमोग्लोबिन अकराच्या वर गेलंय, पर्समध्ये आजाराचं नाव लिहिलेलं कार्ड ठेवते. कुठल्याही ऑपरेशनच्या, अगदी दाताच्या कामाच्याही आधी डॉक्टरांना सांगते, म्हणजे लागणारं औषध तयार ठेवता येतं. घरी जाऊन तिने सगळ्यांना हे समजावून सांगितलं तेव्हा मावशीने विचारलं, ‘म्हणजे माझी पिशवी उगाच काढली का गं?’ तिच्याकडे उत्तर नव्हतं. आता ते कुणाकडेच असणार नाही.

रक्ताच्या अशा आजारांवर काम करणारी देशातली मोठी संस्था आपल्याच राज्यात आहे. मुंबईत परळला केईएम हॉस्पिटलच्या आवारात, १९५७ पासून. राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची. नाशिकच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्येही हिमोफिलियाच्या पेशंट्ससाठी सोय आहे. हिमोफिलियात त्वचेवरच्या डागांपेक्षा सांध्यांत आणि स्नायूंत होणारा रक्तस्राव जास्त त्रास देतो. रांगायला लागलेल्या मुलाच्या गुडघ्यांवर मोठमोठे टेंगूळवजा डाग दिसले तर नक्की दाखवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश झालाय, हे बऱ्याच कुटुंबांना माहीतच नसतं.

निफाडच्या शेतांत आणखी दोन गोष्टी आहेत, ज्यांचा थेट रक्त गोठण्याशी संबंध आहे. एक उंदराचं औषध. कांद्याच्या चाळीत, गोडाऊनमध्ये उंदीर होतात, मग ब्रोमाडायोलोनच्या वड्या ठेवल्या जातात. तिचा पूर्वज म्हणजे वॉरफरिन, आणि त्याची गोष्ट सॉलिड आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत गुरं अचानक रक्तस्राव होऊन मरायला लागली. शिंगं कापली तरी रक्त थांबेना. कारण निघालं बुरशी लागलेला चारा. १९३३ मध्ये विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेली कालवड आणि बादलीभर न गोठलेलं रक्त घेऊन विद्यापीठात धडकला. तिथल्या कार्ल लिंक नावाच्या बायोकेमिस्टच्या टीमने पुढे कित्येक वर्षं खपून त्या चाऱ्यातलं द्रव्य शोधून काढलं. त्यातूनच वॉरफरिन तयार झालं. १९४८ मध्ये ते उंदरांसाठी बाजारात आलं आणि काही वर्षांतच माणसांसाठी औषध बनलं. १९५५ मध्ये हार्ट अटॅक आल्यावर अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते दिलं गेलं. आजही हृदयाची कृत्रिम झडप बसवलेले कितीतरी आजोबा ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणून तेच घेतात. अशा आजोबांच्या अंगावर नवे डाग दिसले, किंवा ते साधे घसरून डोक्यावर पडले, तरी डॉक्टरांना फोन झालाच पाहिजे.

ब्रोमाडायोलोन तर वॉरफरिनपेक्षा कितीतरी जास्त काळ अंगात टिकतं, आठवड्यांच्या हिशोबात. लहान मुलाने किंवा घरच्या कुत्र्याने वडी कुरतडली तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. डाग, हिरड्यांतून रक्त, लालसर लघवी हे सगळं दोन-तीन दिवसांनी सुरू होतं. त्यामुळे ‘बघू उद्या’ हा फंडा इथे चालत नाही. यावर व्हिटॅमिन के हा उतारा आहे, पण तो डॉक्टरांकडे. सोबत औषधाचं पाकीट न्यायचं.

दुसरी गोष्ट घोणस. कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकणारा हा साप शेतात, बांधावर असतो, आणि त्याचं विष रक्ताची गोठण्याची ताकदच संपवून टाकतं. चावल्याच्या जागी सूज, काळंनिळं पडणं, हिरड्यांतून रक्त. फुरशाचंही तसंच. अशा पेशंटसाठी सरकारी दवाखान्यांत एक साधी टेस्ट वापरतात. दोन मिलिलिटर रक्त कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं आणि वीस मिनिटं हलवायचं नाही. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली की रक्त वाहिलं, म्हणजे गोठलेलं नाही. काम पुढे. मशीन नको, लाइट नको. प्रतिसर्पविष सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतं आणि निफाडला उपजिल्हा रुग्णालय आहे. करकचून दोरी बांधणं, ब्लेडने कापणं हे प्रकार अजिबात नकोत. रक्त गोठत नाहीये तिथे ब्लेड म्हणजे कहरच! १०८ ला फोन करा.

पावसाळा संपता संपता डेंग्यू येतो. ताप, अंगदुखी आणि त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. काचेचा ग्लास त्यावर दाबून बघा. साधी पुरळ फिकी पडते, त्वचेखालचं रक्त फिकं पडत नाही. (डिसेंबरात निफाडचा पारा पाच-सहा डिग्रीला टेकतो तेव्हा बोटं निळी पडतात ती गोष्ट निराळी, ऊब मिळाली की ती परत येतात.) डेंग्यूमध्ये ताप उतरला की आपण सुटलो असं वाटतं, आणि खरी काळजीची वेळ नेमकी तेव्हाच सुरू होते. पोटात खूप दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, यातलं काहीही दिसलं तर पपईच्या पानांचा रस काढत बसू नका, हॉस्पिटल गाठा. आणि अशा तापात फक्त पॅरासिटामॉल. ड्रॉवरमधली बाकी मंडळी ड्रॉवरमध्येच राहू द्या.

गोरं व्हायच्या किंवा खाजेच्या क्रीमबद्दलही एक वाक्य लिहायलाच हवं. त्यातल्या कित्येकांत क्लोबेटासॉलसारखी स्ट्राँग स्टेरॉइड्स असतात, महिनोन्‌महिने लावली की त्वचा कागदासारखी होते आणि नुसत्या स्पर्शाने डाग पडतात. २०१८ मध्ये सरकारने ती प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायला बंदी केली, तरी मेडिकलवाल्याला नाव सांगितलं की मिळतात हे आपल्या सगळ्यांना माहितेय. विंचूरचं वाइन पार्क आपल्याच तालुक्यात, म्हणून वाइनचाही अभिमान ठीक. पण रक्त गोठवणारे बहुतेक घटक लिव्हर बनवतं, आणि दारूने लिव्हर बिघडलं की त्याची एक खूण त्वचेवर उमटते.

आणि एक कारण असंही असतं जे कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही. एप्रिलच्या उन्हात फुल स्लीव्ह्ज घालून येणारी कलीग. दर वेळी नवं कारण: दार लागलं, बाथरूममध्ये घसरले. डाग दंडाच्या आतल्या बाजूला, बोटांच्या आकाराचे, किंवा मानेवर. तिला सगळ्यांसमोर पँट्रीत विचारू नका. एकटीला गाठा, ‘घरी सगळं ठीक आहे ना?’ एवढंच विचारा, आणि उत्तर आलं नाही तरी परत कधीतरी विचारा. घरगुती हिंसाचाराविरोधातला २००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात नवऱ्याने मारलंच पाहिजे असं नाही, सासरचे, भाऊ, वडील, लिव्ह-इन पार्टनर सगळे येतात. पोलीस स्टेशनची पायरी चढायची नसेल तर संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं. महिला हेल्पलाइन १८१, आणि जिवावर बेतलं तर ११२.

मग डॉक्टरकडे नक्की कधी जायचं? मी ज्या-ज्या डॉक्टरांशी बोलले त्यांचे प्रश्न साधारण सारखेच होते. डाग नडगीवर आहेत की पाठ, पोट, चेहरा अशा कधी न आपटणाऱ्या जागी? एक-दोन आहेत की एकाच वेळी पाच-सहा, आणि जुने जायच्या आत नवे येतायत? हल्लीच सुरू झालंय का? नाकातून रक्त दहा मिनिटं दाबून धरूनही थांबत नाही का? ब्रश करताना बेसिन लाल होतं का? पिरियड्स सात दिवसांच्या पुढे जातात का? यातल्या एकाचंही उत्तर हो असेल तर या आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या. सोबत रेंगाळणारा ताप, न सांगता उतरणारं वजन, मानेत किंवा काखेत गाठी, विलक्षण थकवा असेल तर उद्याच. रक्ताचा कॅन्सर कधी कधी अशीच चाहूल देतो, आणि त्यात दिवस मोजावे लागतात. काळी शी किंवा डोक्याला मार लागल्यावर गुंगी येत असेल तर आत्ता, गाडी काढून.

पहिली टेस्ट सीबीसी आणि स्मिअर. प्लेटलेट्स दीड ते साडेचार लाख म्हणजे नॉर्मल. साठ हजार छापून आलं तरी लगेच हातपाय गाळू नका. कधी कधी नळीतल्या केमिकलमुळे प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून गोळे होतात आणि मशीनला त्या मोजता येत नाहीत. पॅथॉलॉजिस्टने स्लाइड स्वतः मायक्रोस्कोपखाली बघितली की लगेच कळतं. खरंच कमी असतील तर कारण शोधायला लागतं: एखादा व्हायरस, बी-१२ ची कमतरता, किंवा आपल्याच इम्यून सिस्टिमने प्लेटलेट्सवर केलेला हल्ला, म्हणजे आयटीपी. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत.

जाताना काय न्यायचं? घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी. काढे, चूर्ण, जिमची पावडर, चेहऱ्याचं क्रीम, सगळं. आयुर्वेदिक आहे म्हणून वगळू नका. डाग पडला त्या दिवशी मोबाइलवर फोटो काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे साइज कळतो. कारण अपॉइंटमेंट मिळेपर्यंत तो डाग हिरवा-पिवळा होऊन गायब झालेला असतो. आणि आदल्या दिवशी घरी एक फोन: आईला, आत्याला, मावशीला. दात काढल्यावर, बाळंतपणात, ऑपरेशनमध्ये कुणाचं रक्त जास्त गेलं होतं का? ‘आमच्यात सगळ्यांचंच असतं’ असं उत्तर आलं, तर डॉक्टरांना अगदी तेच वाक्य सांगा.